सहा वाव पाण्याखाली

आठवीच्या वर्गाला प्लावक बल शिकवताना कामिनी दरवर्षी फळ्यावर एकच आकृती काढायची. चौकोनी भांडं, भांड्यात पाणी, पाण्यात अर्धा बुडालेला ठोकळा आणि ठोकळ्याला खालून वर ढकलणारा बाण. बावीस वर्षं ती शहाद्याजवळच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होती आणि त्या बाणाबद्दल तिला कधी शंका आली नव्हती. एके वर्षी मागच्या बाकावरून आमशा पावरा उभा राहिला आणि त्याने विचारलं, "मॅडम, तुम्हाला पोहता येतं का?"

वर्ग हसला. कामिनीही हसली आणि म्हणाली, "हा प्रश्न परीक्षेला येत नाही. खाली बस."

पोहता येत नव्हतं. तापीच्या काठावरच्या गुजर घरात ती वाढली होती. नदी घरातून हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. भाऊ घाटावरून उड्या मारायचे. ती मात्र घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून कपडे धुवायची आणि परत यायची. कुणी मनाई केली होती असंही नाही. मुली खोल पाण्यात जातच नव्हत्या, एवढंच.

आमशा आता सव्वीस वर्षांचा झाला होता. सातपुड्यात, नर्मदेच्या फुगलेल्या पाण्यात, त्याची स्वतःची इंजिनाची होडी होती. दिवाळीत त्याने शुभेच्छांचा फोन केला आणि मग म्हणाला, "मॅडम, सुट्टी आहे तर आमच्या बेटावर या. दोन खोल्या बांधल्यात पाहुण्यांसाठी."

"बेट? आपल्या जिल्ह्यात?"

"आधी डोंगर होता. धरणाचं पाणी चढलं, चारी बाजूंनी वेढा पडला. आता बेट आहे."

कामिनीने फोन ठेवला तेव्हा तिचा नवरा हेमकांत ओसरीवर बसून केळीच्या घडांचे भाव बघत होता. तिने त्याला सांगितलं. त्याने लगेच मोबाईल खाली ठेवला. "चाल, जाऊ. मी तर पोहीसन दमाडी टाकसू त्याले! तुले म्हाईत शे ना, लहानपणी मी तापी पार करेल शे."

ही तापी पार केल्याची गोष्ट तिने पंचवीस वर्षांत इतक्यांदा ऐकली होती, की आता तीच त्याच्याबरोबर पोहून आली असावी असं तिला वाटायचं.

धडगावपर्यंत ते आपल्या गाडीने गेले आणि तिथून पुढे जीपने. शेवटचा उतार संपला तशी हेमकांतची बडबड थांबली. समोर निळंहिरवं पाणी पसरलं होतं आणि त्यातून डोंगरांचे नुसते माथे वर आले होते, दुधातून शेवया दिसाव्यात तसे. काठावर आमशा होडी धरून उभा होता. त्याने वाकून कामिनीच्या पायांना हात लावला, मग दोघांना केशरी जाकीट दिलं. "बांधा आधी. याशिवाय मी कुणालाच बसवत नाही."

अर्ध्या तासात बेट आलं. खाली दगडी उतार, वर साग आणि बांबू, माथ्यावर मक्याचा तुकडा, कुडाच्या दोन नव्या खोल्या आणि एक जुनं घर. घरासमोर साठीची एक बाई शेळ्यांना पाला टाकत होती. हात काटकुळे, पण दंडाला पीळ होता. आमशाची आई, सोनीबाई. तिला पावरी बोली येत होती आणि शहाद्याच्या बाजारात शिकलेली थोडी मराठी. ती सगळ्यांना 'तू' म्हणायची, मग तो तलाठी असो की डॉक्टर.

"तू याची बाई का? शाळेची?" तिने कामिनीला विचारलं. "हा सांगतो, तुला सगळं माहीत आहे."

"सगळं नाही," कामिनी म्हणाली. "मला पोहता येत नाही."

सोनीबाईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढी मोठी बाई आणि पोहता येत नाही, हे तिला खोटं वाटलं असावं. तिने आमशाला पावरीत काहीतरी विचारलं. त्याने मान हलवली. मग ती म्हणाली, "चल. ऊन आहे तोवर चल."

उताराच्या पायथ्याशी एक सपाट खडक पाण्यात गेला होता. तिथे कंबरेएवढं पाणी होतं. कामिनी पंजाबी ड्रेसवर ओढणी करकचून बांधून आत उतरली. पाणी वर ऊबदार होतं आणि गुडघ्याखाली गार. का, हा प्रश्न तिच्या मनात आपोआप आला आणि उत्तरही आलं: ऊन वरच्या थरालाच तापवतं, गार पाणी जड, ते खालीच राहतं. पण पुस्तकातल्या त्या वाक्याला गुडघ्याखालचा गारवा कुठे होता! ती दोनदा खाली वाकली आणि हाताने ती सीमा शोधून आली.

"कामिनी, काय करी ऱ्हायनी तू?" हेमकांतने पाण्यातून विचारलं. तो हात आपटत, फवारे उडवत तिच्याभोवती फेऱ्या मारत होता.

"पाणी बघतेय."

सोनीबाईने तिच्या पाठीखाली हात धरला. "झोप. खाटेवर झोपते तशी."

कामिनी झोपली आणि बुडाली. नाकात पाणी गेलं, ठसका लागला. पुन्हा झोपली, पुन्हा पाय खाली गेले. शरीराची घनता, विस्थापित पाणी, फुप्फुसातली हवा, सगळं तिला पाठ होतं. आपण तरंगायला हवं हे ती सिद्ध करून दाखवू शकली असती. पण दर वेळी पाठ टेकली की तिचे पाय खडक शोधायला निघायचे.

"डोकं दे पाण्याला," सोनीबाई म्हणाली. "तू डोकं धरून ठेवते."

"देतेय की!"

"नाही देत. मान बघ, दगड झाली."

सहाव्या वेळेनंतर कामिनी खडकावर जाऊन बसली. हेमकांत जवळ आला आणि खोकत म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पन्नाशी जवळ उनी, नवं शिकाले अवघडच शे." त्याने ते मायेने म्हटलं होतं, पण तिला राग आला. त्याचा नाही. त्या बाणाचा. बावीस वर्षं तिने तो काढला आणि आज तिच्याखाली तो उगवायला तयार नव्हता.

दुपारी सोनीबाईने मक्याच्या भाकरी केल्या, पाट्यावर वाटलेली मिरची घालून उडदाची डाळ केली. जेवताना कामिनी पाण्याकडे बघत होती. "आमशा, इथे खोली किती असेल?"

"माहीत नाही मॅडम. खूप."

"खूप म्हणजे किती?"

आमशा हसला. शाळेत ती हेच करायची. 'खूप' हे उत्तर तिने कधी चालवून घेतलं नव्हतं. त्याने आईला विचारलं. सोनीबाईने भाकरीचा तुकडा मोडता मोडता हाताने पाण्यावरची एक जागा दाखवली आणि पावरीत बराच वेळ बोलली. आमशा सांगू लागला.

"आमचं घर तिथे खाली होतं. ही टेकडी म्हणजे आमच्या शेळ्या चारायची जागा. पाणी आलं तेव्हा मी लहान होतो. पुनर्वसनाच्या वसाहतीत जमीन मिळाली, तिथे मोठा भाऊ असतो. आई काही दिवस राहिली आणि परत इथे वर आली. ती म्हणते, घरामागे मोहाचं झाड होतं. दोन माणसांच्या मिठीत मावायचं नाही. ते अजून उभं असेल का, असं ती मला दरवर्षी विचारते. मी म्हणतो, कुजून गेलं असेल."

"तुला काय माहीत?" सोनीबाई मराठीत म्हणाली. "तू बघितलं?"

"कसं बघणार आई? अंधार असतो खाली."

कामिनीची भाकरी हातातच राहिली. "बघता नाही आलं तरी कळू शकेल," ती म्हणाली. "आमशा, लांब दोरी आहे? आणि वजन?"

वजन होतं. मासळी तोलायचं पाच किलोचं लोखंडी, वर कडी असलेलं. कामिनीने ते उलटं केलं. बुडाशी खळगा होता. "यात काहीतरी चिकट भरायचं. तळाला जे असेल ते थोडं चिकटून वर येईल. माती असेल तर माती, वाळू असेल तर वाळू."

सोनीबाई उठली. घरात जाऊन तिने मधाच्या पोळ्याचं मेण आणलं, चुलीजवळ धरून मऊ केलं आणि अंगठ्याने खळग्यात दाबून बसवलं. हेमकांतला आता गंमत वाटू लागली होती. दोरी तपासायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या ओढून ओढून त्याचे हात तयार होते.

चौघं होडीत बसले. पाण्यावर वारा नव्हता. सोनीबाई पुढच्या टोकाला उभी राहिली आणि हाताने दिशा दाखवू लागली. समोरच्या डोंगरावर दुभंगलेला एक कातळ होता आणि बेटाच्या नाकाडावर एकटा ताड. कातळाची फट ताडाच्या मागे आली की तिने हात उभा केला. आमशाने इंजिन बंद केलं.

"हे आमचं शेत," सोनीबाई म्हणाली. खाली नुसतं हिरवं पाणी होतं.

हेमकांतने वजन सोडलं. दोरी सरसर गेली आणि मग ढिली पडली. ती वर ओढताना सोनीबाई मोजत होती, दोन्ही हात पसरून, एका बोटापासून दुसऱ्या बोटापर्यंत एक वाव. एक, दोन, तीन. तेरा वाव आणि वर थोडं. कामिनीने तिचे पसरलेले हात आधीच मापून ठेवले होते, बरोबर पाच फूट. "पासष्ट फूट," ती म्हणाली.

मेणाला काळा, मऊ गाळ चिकटला होता. सोनीबाईने तो बोटावर घेतला, चोळला, हुंगला. "आपली माती लाल होती," ती म्हणाली. "ही दुसऱ्या गावाची."

"वरून वाहून आलेला गाळ असेल," कामिनी म्हणाली. "तुमची माती याच्या खाली असणार."

सोनीबाईने मान डोलावली. हे तिला पटलेलं दिसलं.

होडी थोडी पुढे घेतली. चौदा वाव, पुन्हा गाळ. अजून थोडी पुढे. सोनीबाई आता डोळे बारीक करून काहीतरी मनात चालत होती, घराच्या दारातून निघून मागच्या बाजूला, पावलं मोजत. "इथे," ती म्हणाली. पुन्हा चौदा. "मग इथे." पुन्हा चौदा. हेमकांतच्या कपाळाला घाम आला होता. कामिनीला वाटलं, आपण उगाच आशा लावली. वीस वर्षं पाण्यात राहिलेलं लाकूड, आमशाचंच खरं असेल.

पाचव्या वेळी दोरी मध्येच थांबली.

"काय व्हयनं?" हेमकांत स्वतःलाच म्हणाला. त्याने दोरी हलवली. वजन कशावरून तरी घसरलं आणि पुन्हा सरसर खाली गेलं.

"परत," कामिनी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "परत टाका, तिथंच! आमशा, होडी हलू देऊ नको."

वजन वर घेऊन मेण पुसलं आणि पुन्हा टाकलं. पुन्हा थांबलं. या वेळी हेमकांतने दोरी ताणून धरली, आपटली आणि हळूच वर घेतली. सोनीबाई मोजत होती. चार. पाच. सहा. सहाव्या वावेला वजन पाण्यातून बाहेर आलं.

कामिनीने ते उलटं केलं. मेणात गाळ नव्हता. काळपट तंतू रुतले होते आणि नखाएवढा एक कपचा.

सोनीबाईने तो कपचा काढला, दातांत धरून चावून पाहिला, थुंकला आणि मग एकदम हसली. तिचं हसणं समोरच्या डोंगरावरून परत आलं. "लाकूड आहे! उभं आहे ते!"

"आई, लाकूड आहे एवढंच कळलं. मोहाचंच कशावरून?"

"दुसरं झाड नव्हतंच तिथे. मी लग्न होऊन आले तेव्हापासून नव्हतं." ती कामिनीकडे वळली. "किती उंच आहे, सांग."

"तळ चौदा वाव, शेंडा सहा वाव. आठ वाव उभं आहे. चाळीस फूट. पानं नसतील, बारीक फांद्या गेल्या असतील. खोड आणि मोठ्या फांद्या असतील."

"सडलं का नाही?"

"तळाला पाण्यात हवा फार कमी असते. कुजायला हवा लागते." हे सांगताना कामिनीला जाणवलं, की हे उत्तर तिने आयुष्यात पहिल्यांदा अशा माणसाला दिलं होतं, ज्याला ते खरंच हवं होतं.

आमशा डोकं खाजवत होता. "मॅडम, इथे जाळी अडकतात. माझी दोन गेली, दुसऱ्यांचीही गेली. सगळे म्हणतात, इथे काहीतरी आहे, जाळं टाकू नको. ते हे आहे!"

सोनीबाईने लुगड्याचा काष्टा आवळला आणि कुणाला काही कळायच्या आत ती पाण्यात उतरली. आवाजही झाला नाही. होडीपासून चार हात लांब जाऊन ती पाठीवर पडली आणि नुसती राहिली, हात पसरून. तिच्या खाली सहा वावांवर तिचं झाड होतं. ती आभाळाकडे बघत होती. थोड्या वेळाने तिने मान वळवून कामिनीला हाक मारली. "ये."

"इथे? चौदा वाव पाण्यात?"

"तिकडे पाय दगड शोधत होते. इथे शोधून काय मिळेल?"

कामिनीने जाकिटाचे पट्टे तपासले, दोनदा. आमशाने होडीची दोरी तिच्या हातात दिली. हेमकांतने तिचा चेहरा बघितला आणि तिला उतरायला हात दिला.

पाणी छातीला लागलं, गळ्याला लागलं. पायांखाली काही नव्हतं. पायांनी एकदा इकडे, एकदा तिकडे चाचपून पाहिलं आणि मग ते थांबले. सोनीबाईचा हात तिच्या पाठीखाली आला. कामिनीने मान मागे टाकली. कानात पाणी शिरलं, जगाचा आवाज बंद झाला. आणि तिचे पाय सावकाश वर आले, आपले आपण, तिने काहीही न करता. अंगठ्यांची टोकं पाण्याबाहेर दिसली.

थोड्या वेळाने सोनीबाई खूप लांब असल्याचं तिच्या लक्षात आलं. पाठीखाली कुणाचाच हात नव्हता.

जाकीट होतं, हे तिला माहीत होतं. जाकिटाने किती उचललं आणि पाण्याने किती, याचा हिशेब नंतर करता येईल, असं तिने ठरवलं. श्वास आत घेतला की ती थोडी वर यायची, सोडला की थोडी खाली जायची. तिने हे दहा-बारा वेळा करून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच घडलं आणि प्रत्येक वेळी तिला नवल वाटलं.

मग तिला आवाज ऐकू आला. पाण्यातून. टक टक टक टक, बारीक, एकसारखा. तिने डोकं वर काढलं. आवाज नाही. डोकं परत पाण्यात टाकलं. टक टक टक टक.

"आमशा, बोट येतेय!"

आमशाने चारी बाजूंना पाहिलं. पाणी रिकामं होतं. "नाही मॅडम. कुठेच नाही."

"येतेय. इंजिन ऐकू येतंय मला, पाण्यातून."

हेमकांतने कपाळावर हात धरून वळणाकडे पाहिलं आणि मान हलवली. "कानमा पानी गयं तुन्हा."

कामिनी हसली आणि परत कान पाण्यात बुडवून पडून राहिली. आवाज वाढत होता. तिने मनातल्या मनात आकडे मोजायला सुरुवात केली. दोनशेचाळीसच्या आसपास डोंगराच्या वळणामागून बाजाराची मोठी बोट बाहेर आली, माणसांनी आणि पोत्यांनी भरलेली. तोवर हवेतून तिचा पत्ताही नव्हता.

"मायनी!" हेमकांत म्हणाला. त्याने जाकीट आवळलं आणि उडी मारली. होडी डगमगली, पाणी उडालं. पण त्याला नुसतं पडून राहता येईना. तो हात मारायचा, पाय मारायचा, पुढे सरकायचा आणि त्याच्याच आवाजात त्याला बाकी काही ऐकू येत नव्हतं.

"हात मारू नको," कामिनी म्हणाली. "डोकं पाण्याला दे."

"मी तापी..."

"माहीत आहे. गप्प पडून रहा."

ती त्याच्या पाठीखाली हात धरून राहिली. दोन मिनिटांनी त्याचे खांदे सैल झाले. त्याचे डोळे मोठे झाले. ऐकू आलं होतं.

बाजाराच्या बोटीतल्या लोकांनी पाहिलं ते असं: भर पाण्यात आमशाची होडी उभी, त्यात आमशा एकटा, आणि होडीभोवती तीन मोठी माणसं पाठीवर निपचित पडलेली. बोटवाल्याने इंजिन बारीक केलं आणि ओरडून विचारलं, काही झालं का? सोनीबाईने पडल्या पडल्याच पावरीत उत्तर दिलं. बोटीतले सगळे हसले आणि मग एक म्हातारा बोटीच्या कडेला येऊन पाण्यात डोकावून बघू लागला.

"काय म्हणाली ती?" कामिनीने आमशाला विचारलं.

"म्हणाली, दोरीने माझं झाड सापडलं, त्याच्याखाली बसलोय. म्हणजे वर." आमशाही हसत होता. "तो म्हातारा दोधू आहे, आमच्या शेजारचा. तो विचारतोय, त्याच्या घराचं काय झालं ते कळेल का?"

सोनीबाईने पोहत येऊन होडीची कड पकडली. "त्याच्या दारात चिंच होती," ती कामिनीला म्हणाली. "त्याच्या पलीकडे विहीर. विहिरीत तुझी दोरी किती जाईल?"

कामिनीला ते माहीत नव्हतं. बांधलेली विहीर असेल तर गाळाने भरली असेल, की तिच्या तोंडाशी वजन अडकेल, की आत उतरत जाईल? तिने हेमकांतकडे पाहिलं. त्यांना उद्या सकाळी निघायचं होतं. केळीला खत द्यायचं होतं, शाळेच्या उत्तरपत्रिका राहिल्या होत्या.

"डोंगरवर रेंज येस का?" हेमकांतने आमशाला विचारलं. "शेतमाना सालदारले फोन करना पडी. एक दिवस उशीर व्हई म्हनीसन."

संध्याकाळी कामिनीने वहीचं एक पान फाडून चुलीजवळ ठेवलं. सोनीबाई बोलत गेली आणि ती काढत गेली: नदीची जुनी धार, उतार, पायवाट, घरं. प्रत्येक घरासमोर नाव. चौदाव्या घरावर सोनीबाई अडखळली, आमशाकडे पाहिलं, मग स्वतःच आठवून नाव सांगितलं. पान पुरलं नाही. कामिनीने दुसरं जोडलं.